सेंट क्लेमेंटसाठी नऊ मंगळवार

३० मे १९५३, शनिवार
ही डायरी माझ्या नातवाला कुणा औषधवाल्याने फुकट दिली. तो लिहीत नाही, पाच महिने कोरे गेले. मी मराठी तिसरी शिकले आहे, तेवढं पुरे. घरात मी बोलायला लागले की सून लूर्डस भांडी जोरात घासायला घेते. कागद तरी गप ऐकेल.

आज दोन पत्रं आली. नातू ऑगस्टीन, लूर्डसचा मुलगा, अठ्ठावीस पूर्ण. सात वर्षं गिरणीच्या टीममधून फुटबॉल खेळला, मग गुडघा गेला. तेव्हापासून आमच्या केळीच्या वाडीला पाणी लावतो. लावतो म्हणजे पाट फोडतो आणि कुठल्यातरी जुन्या मॅचचा विचार करत उभा राहतो. पाणी शेजारच्या वाडीत जातं.

तर दोन्ही पत्रं मुंबईच्या कॉलेजांची. फुटबॉलचा कोच पाहिजे. एक सेंट क्लेमेंट, फादर लोकांचं, जुनं. दुसरं सर मंचरजी कॉलेज, पारशांचं, काल-परवा निघालेलं. ऑगस्टीन म्हणाला, मंचरजीवाले सरळ ये म्हणतात, क्लेमेंटला इंटरव्ह्यू आहे, मी आपला मंचरजीला जातो. म्हटलं, गप. यातली कुठली नोकरी मोठी ते तुला काय कळणार. तुला बॉल कळतो.

ठरवलं: हे मी बघणार. आणि आजपासून कोणावर आवाज चढवायचा नाही.

संध्याकाळी लूर्डसवर चढवला. भात करपवला तिने.

१ जून, सोमवार
चौकशी सुरू. पोस्टमनला विचारलं, केळीची पानं विकत घ्यायला येतो त्या व्यापाऱ्याला विचारलं, शाळेच्या मास्तरला रस्त्यात धरून विचारलं. तिघांचं एकच. कोचांत पहिला सेंट क्लेमेंटचा. मग दोन-चार कॉलेजं खाली उतरत येतात. मंचरजीचं नाव घेतल्यावर मास्तर म्हणाला, असं कॉलेज आहे?

पुढे मी डोकं चालवलं. क्लेमेंटचा आधीचा कोच बावीस वर्षं होता. नोकरीतच मेला, मयताला तीन फादर. मंचरजीला चार वर्षांत पाच कोच झाले. एकही मेला नाही, सगळे धडधाकट बाहेर पडले. माणूस जिथून जिवंत सुटतो ती काय नोकरी?

शेजारच्या फिलोमिनाला अजून सांगितलेलं नाही. तिचा जावई बॅप्टिस्ट कुठल्याशा शाळेत पोरांना बॉल मारायला शिकवतो. शाळेत. तरी रविवारी मिस्सा सुटली की बाई मला चर्चच्या पायरीवर अडवते आणि आमचे कोच असे नि आमचे कोच तसे. एकदा माझा ऑगस्टीन क्लेमेंटला लागू दे. मी पायरीवर उभीसुद्धा राहणार नाही. तिला माझ्यामागून चालत यावं लागेल.

३ जून, बुधवार
मुलगी द्यायची तर आधी चार माणसं घर बघायला जातात. चूल बघतात, विहीर बघतात, सासू कशी बोलते ते बघतात. नोकरीचंही तसंच पाहिजे. ऑगस्टीन म्हणाला, आजी, कोचची आजी बरोबर येत नाही. म्हटलं, म्हणूनच सगळे फसतात.

लाल लुगडं नेसले, कानात घातलं, सुकेळ्यांची, म्हणजे वाडीतल्या सुकवलेल्या केळ्यांची, एक पुडी घेतली आणि मंचरजी कॉलेज बघून आले. काही खरं नाही. खाली विम्याचं ऑफिस, वर कॉलेज. ग्राउंड त्यांचं स्वतःचं नाही, क्रिकेटवाल्यांनी सोडलं की यांना मिळतं. पोरं अनवाणी खेळतात. कपाटात कप एकच, तोही पोहण्याचा.

सेक्रेटरी म्हणून एक म्हातारे पारशी गृहस्थ. मी आत गेले तर उठून उभे राहिले. स्वतः खुर्ची ओढून दिली. सुकेळी तिथल्या तिथे खाल्ली आणि पुडीत अजून आहेत का बघितलं. सरळ बोलले. म्हणाले, आजीबाई, हा एक पावसाळा बघतो. पोरांनी कॉलेजांचा कप आणला तर हे परमनंट. नाही आणला तर कमिटी म्हणते कोच नको, कसरतीचे मास्तर आहेत ते बघतील.

माणूस वाईट नाही. पण माझ्यासाठी उभा राहिला. मोठ्या जागेची माणसं कोणासाठी उभी राहत नाहीत.

८ जून, सोमवार
सेंट क्लेमेंट. याला म्हणतात कॉलेज. दगडी मनोरा, त्यावर घड्याळ. बंद आहे, पण मोठं आहे. लांब व्हरांड्यात जुन्या कोचांचे फोटो ओळीने, सगळे मिशीवाले. आम्हाला बाकावर दोन तास बसवलं. मंचरजीला पाच मिनिटंही बसवलं नव्हतं, यावरूनच समजा.

प्रिन्सिपल फादर जागचे उठले नाहीत. मी खूश. ऑगस्टीनला त्यांनी तीन प्रश्न विचारले, त्याने धड उत्तरं दिली नाहीत, म्हणून पुढचं मी हातात घेतलं. विचारलं, कोच फादर लोकांच्या पंगतीला जेवतो की माळ्याबरोबर? विचारलं, भिंतीवर खिळा रिकामा आहे तो याच्या फोटोचा का? खिडकीसमोर नको, उन्हाने फोटो उडतो. गुडघ्याची शंका त्यांच्या मनात राहू नये म्हणून आपणहून सांगितलं की गुडघा एकदम ठीक आहे, फक्त डावीकडे वळताना आणि जिना उतरताना धरतो, आणि पावसाळ्यात.

फादरांनी हे सगळं लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे पक्कं.

परत येताना ऑगस्टीन वसई येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. आनंदाने माणसाची वाचा बसते.

९ जून, मंगळवार
संत अंतोनीचे नऊ मंगळवार धरले. आज पहिला.

नोकरी मागितली नाही. ती झालीच आहे, झालेली गोष्ट मागून संताचा वेळ कशाला घालवायचा. पुढचं मागितलं: या पावसाळ्यात सेंट क्लेमेंटची टीम जिंकत जाऊ दे, कप मिळू दे. नवस बोलले. क्लेमेंटच्या एकेका गोलामागे वाडीतल्या केळ्यांचा एकेक लोंगर, अख्खा घड, चर्चला. आपल्याकडे वस्तू वाहिली की रविवारी मिस्सेनंतर दारात तिचा लिलाव होतो आणि कोणी का वाहिली ते मोठ्याने पुकारतात. सगळ्या गावाला ऐकू जातं. तेही डोक्यात होतंच.

लूर्डस म्हणाली, आई, पत्र येईपर्यंत थांबायचं होतं. तिला श्रद्धा कमी.

२० जून, शनिवार
पत्र आलं. क्लेमेंटने दुसरा माणूस घेतला. का ते लिहिलेलं नाही. कोणीतरी ऑगस्टीनच्या विरुद्ध कान भरले असणार. शोधून काढीन.

ऑगस्टीनने पत्राची घडी केली, म्हणाला, बरं झालं, सोमवारपासून मंचरजीला रुजू होतो. आणि शिट्टी वाजवत विहिरीवर गेला. या मुलाला मान-अपमान काही नाही.

२१ जून, रविवार
दुसरा माणूस कोण ते कळलं. बॅप्टिस्ट.

फिलोमिनाने पायरीवर सांगितलं. म्हणाली, कॅथरिनबाय, आमच्या बॅप्टिस्टला सेंट क्लेमेंटला घेतलं, इंटरव्ह्यूला एकटाच गेला होता हो, दहा मिनिटांत झालं. मी म्हटलं, चांगलं कॉलेज आहे, घड्याळ बंद आहे.

घरी आल्यावर नवस आठवला. जेवले नाही. मग जेवले.

२३ जून, मंगळवार
तिसरा मंगळवार. जाऊ की नको? नऊ मंगळवारांची नोव्हेना अर्धवट सोडता येत नाही. माझ्या चुलत सासूने सहाव्या मंगळवारी सोडली होती, त्याच वर्षी तिची म्हैस विहिरीत पडली. आमच्याकडे म्हैस नाही, म्हणजे कोण पडेल सांगता येत नाही.

आमच्या फादरांना विचारलं, नोव्हेना एका कॉलेजवरून दुसऱ्या कॉलेजवर करता येते का? फादर आधी हसले. मग म्हणाले, आजीबाई, सगळ्याच मुलांसाठी प्रार्थना करा, संताला मन कळतं. यांना सगळं सोपं. मन कळत असतं तर तोंडाने बोलायला कशाला लावलं असतं? आणि मी तोंडाने बोलले आहे. क्लेमेंट, असं नाव घेऊन.

गेले. प्रार्थना केली, पण अगदी हळू. संताला नीट ऐकू जाऊ नये इतकी.

५ जुलै, रविवार
ऐकू गेलं. क्लेमेंटने पहिली मॅच तीन गोलांनी मारली.

आपल्या हाताने तीन लोंगर तोडले. लूर्डस आणि मी घेऊन गेलो. लिलाव पुकारणारा ओरडला, कॅथरिनबाय यांचा नवस, सेंट क्लेमेंट कॉलेजच्या तीन गोलांबद्दल. अख्खं चर्च वळलं. फिलोमिनाने येऊन माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. म्हणाली, तुमचं मन एवढं मोठं आहे हे मला या वयात कळलं. मी हात सोडवून घेतले.

ठरवलं: फिलोमिनाशी बोलणं बंद.

मंचरजीही जिंकले, एका गोलाने. लूर्डसने सांगितलं म्हणून कळलं.

११ जुलै, शनिवार
ऑगस्टीन हल्ली जेवताना बोलतो. पानात आमटीची वाटी गोलकीपर, भाताचे ढीग बॅक, लोणच्याची फोड म्हणजे फर्दुन नावाचं कोणी पोर, ते उजवीकडून पळतं. चार वर्षं हा खाली मान घालून जेवून उठत होता. म्हटलं, बोलत जेवलं की ठसका लागतो. तर हसला.

कमिटीकडे बुटांचा अर्ज केलाय म्हणाला. चिखलात अनवाणी पोरं घसरतात. कमिटी म्हणाली, आधी कप आणा, मग बूट.

विचारलं, नोकरी पक्की व्हायला कप लागेलच का, नुसतं चांगलं खेळलं तर? म्हणाला, लागेलच, आजी. पण येईल.

मी ताट उचललं.

१४ जुलै, मंगळवार
सहावा मंगळवार. नवी युक्ती. मनात मंचरजी म्हणायचं आणि तोंडाने क्लेमेंट. म्हणजे नवस मोडला असंही नाही. मधेच गोंधळले आणि तोंडाने मंचरजी म्हणाले, मग घाबरून तीन वेळा क्लेमेंट म्हटलं.

मागच्या बाकावर फिलोमिना होती. बाहेर आल्यावर म्हणाली, तीन-तीन वेळा नाव घेता हो तुम्ही.

१९ जुलै, रविवार
क्लेमेंट, चार गोल. चार लोंगर.

पुकारणारा आता माझ्याकडे बघतच नाही, कोणाचा नवस ते त्याला पाठ झालंय. बॅप्टिस्ट स्वतः मिस्सेला आला होता. टोपी काढून मला म्हणाला, आजी, आमची पोरं तुमचं नाव घेऊन ग्राउंडात उतरतात. मी विचारलं, फोटो लावला का तुझा? म्हणाला, त्याला अजून वीस वर्षं आहेत.

मुलगा तसा बरा आहे. त्याचाच राग येतो.

२८ जुलै, मंगळवार
आठवा. सेमीफायनल झाल्या. क्लेमेंट दोन गोलांनी पुढे, आणखी दोन लोंगर गेले. मंचरजीही पुढे. म्हणजे सहा ऑगस्टला फायनल, क्लेमेंटविरुद्ध मंचरजी. ऑगस्टीनने घरात येऊन मला उचललं. या वयात. खाली ठेव म्हटलं, गुडघा जाईल तुझा.

पारशी सेक्रेटरीने कागद टाईप करून ठेवलाय. फक्त सही बाकी. कप दिसला की सही.

मला झोप नाही. मुलाला वर चढवायला शिडी लावली, आणि शिडीवर बॅप्टिस्टला बसवून खालून मीच धरून उभी आहे. धरलं तर तो चढतो, सोडलं तर म्हैस.

३ ऑगस्ट, सोमवार
सापडलं. उद्या नववा मंगळवार. मी सोडायचा नाही. पण आजारी माणूस चर्चला जाऊच शकला नाही तर त्यात त्याचा काय दोष? नोव्हेना पुरी होत नाही आणि मोडलीही जात नाही. संताला नाव ठेवायला जागा नाही, म्हैस पडायला कारण नाही.

उद्या मला ताप आहे.

४ ऑगस्ट, मंगळवार
सकाळपासून गोधडी घेऊन पडले. लूर्डसने कपाळाला हात लावला. कांजी आणून दिली. खरंच भूक होती, पण अर्धी ठेवली.

दुपारपर्यंत सगळं ठरल्यासारखं. चर्चची घंटा झाली, मी कूस बदलली. आता सुटले.

इतक्यात अंगणात घंटी. फिलोमिना पुढे मेणबत्ती घेऊन, मागे फादर. म्हणाली, कॅथरिनबाय, बाकावर दिसला नाहीत, काळजात धस्स झालं. आठ मंगळवार केले आणि नववा तापाने चुकायचा? मी फादरांना म्हटलं, घरी चला.

फादरांनी चर्चमधून आणलेलं कम्युनियन जिभेवर ठेवलं. फिलोमिना खाटेपाशी गुडघ्यावर बसली आणि नववी प्रार्थना तीच मोठ्याने सांगायला लागली, मी मागून म्हणायची. सेंट क्लेमेंटवर आली तेव्हा मी खोकले. ती थांबली, माझी पाठ चोळली, आणि खोकला जाईपर्यंत वाट बघून पुन्हा सांगितलं. फादर बघत होते. म्हणावं लागलं.

जाताना फादर म्हणाले, बघा, ताप उतरला.

६ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी ऑगस्टीन निघाला. लूर्डसने त्याच्या कपाळावर क्रूस काढला. मी म्हटलं, छत्री ने. बोलण्यासारखं दुसरं होतं, पण ते सांगितलं असतं तर तो हसला असता, किंवा हसला नसता.

रात्री आला. दोन-एक. क्लेमेंट दोन.

शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत एक-एक होते म्हणे. सगळं ग्राउंड चिखल. फर्दुन बॉल घेऊन एकटा पुढे गेला, समोर फक्त गोलकीपर, आणि अनवाणी पाय सटकला. क्लेमेंटवाल्यांनी तोच बॉल तिकडे नेऊन गोल केला. त्यांच्या पायांत बूट.

ऑगस्टीन म्हणाला, बूट असते तर. लूर्डस म्हणाली, बूट असते तर. बाहेर फिलोमिनाकडे बॅप्टिस्ट सांगत होता तेही ऐकू आलं, मंचरजीच्या पोरांना बूट असते तर आमचं काही खरं नव्हतं.

जो तो बूट. माझ्या नऊ मंगळवारांचं कोणाला काही नाही. कोणी विचारलं असतं तर कबूल केलं असतं. कोणी विचारलं नाही.

८ ऑगस्ट, शनिवार
मंचरजीचं पत्र. सेक्रेटरींनी हाताने लिहिलंय, की मी कमिटीशी भांडलो, उपयोग झाला नाही. आजीबाईंना नमस्कार.

ऑगस्टीन वाडीत गेला. बराच वेळ आला नाही म्हणून बघायला गेले. पाट फोडून उभा होता. पाणी सगळं शेजारी चाललं होतं. मी बांध घातला. तो म्हणाला, आजी, राहू दे, मी घालतो. पण घातला नाही. आम्ही दोघं उभे राहिलो.

ठरवलं: आता कोणासाठी काही मागायचं नाही.

९ ऑगस्ट, रविवार
दोन गोल, दोन लोंगर. पण वाडीत तोडण्यासारखा एकच उरला. बाकीची केळी अजून बोटाएवढी. नवस अर्धा ठेवता येत नाही. फिलोमिनाकडे गेले. बोलणं बंद आहे ते बाजूला ठेवून गेले. दाराशी उभी राहून म्हटलं, एक लोंगर पाहिजे. कशाला, तिने विचारलंही नाही. सर्वांत मोठा तोडून दिला, वर आपली सून माझ्याबरोबर धाडली उचलायला.

चर्चच्या दारात पुकारलं, कॅथरिनबाय यांचा नवस पुरा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजवल्या.

१६ ऑगस्ट, रविवार
संध्याकाळी बॅप्टिस्ट घरी आला. बसला, टोपी मांडीवर. म्हणाला, ऑगस्टीन, क्लेमेंटला मला एक मदतनीस द्यायला फादर तयार आहेत. बॉल, बूट, चुन्याच्या रेघा बघायच्या, आणि लहान पोरांना तू शिकव. तुझी ती उजवीकडची चाल मला समजली नाही, तीही मला सांग. येतोस?

मी ऑगस्टीनकडे बघितलं. नाही म्हण, असं डोळ्यांनी सांगितलं. म्हणायलाच पाहिजे, आपण काय बॅप्टिस्टचे बूट उचलणार? पण त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाला, कधीपासून येऊ?

लूर्डसने चहा टाकला. विचारावंसं वाटलं, मदतनिसाचा फोटो कुठे लावतात. विचारलं नाही. बॅप्टिस्ट निघाला तेव्हा उठून दारापर्यंत गेले. का गेले माहीत नाही.

१७ ऑगस्ट, सोमवार
ऑगस्टीन सहाच्या गाडीने गेला. डबा मी बांधला.

नऊ वाजता पाचूबंदरची कृष्णाबाई सुकी मासळी घेऊन आली. टोपली उतरवली, म्हणाली, नातू सकाळी स्टेशनात दिसला, कपडे इस्त्रीचे, कुठं लागला का?

म्हटलं, सेंट क्लेमेंटला. मुंबईत त्याच्यावर कॉलेज नाही.

म्हणाली, अगो बाय, मोठं काम झालं. कोन म्हनून लागला?

म्हटलं, बोंबील ओले आहेत तुझे. खालचे दाखव.